दरवर्षी एक इंच

९ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच. थोरल्या बहिणीकडे दुसरं देण्यासारखं असतं काय?

सोबत तुझ्या लेकीचा, बाहुलीचा फ्रॉक आहे. निळा, गळ्याशी पांढरी पट्टी. तिला चेन टोचते म्हणालीस म्हणून पाठीला बटणं घेतली आहेत. माप तू कळवलंस तेच, छाती अठ्ठावीस. मी भिंगरीचं सत्तावीस लिहिलं की तुझं उलट टपाली अठ्ठावीस हजर! मागच्या वर्षी तेच, त्याच्या मागच्या वर्षी तेच. माझी भिंगरी तुझ्या बाहुलीहून चार महिन्यांनी मोठी, तरी दरवर्षी तुझी एक इंच पुढे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडचं दूध घट्ट असेल." हे दिवसभर डेपोत बसच्या खाली आडवे पडलेले असतात, त्यांना काय कळतंय! कापडावर खडूने तो जास्तीचा इंच मला ओढावा लागतो, आणि ओढताना राग येतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तू पाठवलेला शाळेचा फोटो मशीनच्या वर भिंतीला लावला होता. दोन दिवसांनी काढला. भिंगरी गृहपाठ सोडून त्याच्याकडे बघत बसायची. पोहायचा तलाव, वाचायला गाद्या घातलेली खोली, प्रत्येक मुलीला किल्लीचं कपाट. तिच्या स्वतःच्या शाळेत एका वर्गात बावन्न मुली. एका बाकावर तिघी बसतात, आणि मधली लिहायला लागली की कडेच्या दोघी हात वर धरून थांबतात. नळाला पाणी येतं तेव्हा मधली सुटी नसते, आणि मधली सुटी होते तेव्हा पाणी गेलेलं असतं.

परवा जेवताना मला म्हणाली, "आई, बाहुली तिकडे आणि मी इकडे, हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, गप जेव. पण ताट मीच अर्धं टाकून उठले.

म्हणून स्पष्टच विचारते. फोनवर विचारलं असतं, पण एकाच खोलीत आम्ही तिघं, भिंगरीचा कान फोनला चिकटलेला असतो. तिला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवून घेशील? तुमच्या त्या शाळेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना घेतात, हे तूच मागे बोलली होतीस. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तू हो म्हण, मग ह्यांना मी बघते. धाकटे, तुझी मुलगी ज्या देशात वाढते तिथे माझीही थोडी वाढू दे.

ताई

*

२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. आमच्या स्वयंपाकघरात वाकायचं तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागते.

फ्रॉक मिळाला. अगदी मापात बसला. बाहुली अंगातून काढायला तयार नाही. निळा रंग तिला खुलतो.

भिंगरीबद्दल लिहिलंस. ताई, माझ्या मनात असून काय उपयोग? इथे एका घरात माणसं किती राहायची, याचाही नियम आहे, आणि नियम मोडला की घरमालक पत्र धाडतो. शिवाय हे बोटीवर, एकदा गेले की सहा महिने तोंड दिसत नाही. माझी पाळी सकाळी सहाला सुरू होते. हॉस्पिटलच्या चादरी आधी धुवायच्या, मग रोलरखालून काढायच्या, मग दोघींनी चार टोकं धरून घड्या घालायच्या. घरी येईपर्यंत पाच वाजतात. बाहुलीला सवय आहे. भिंगरीला कशी व्हायची? ती तर म्हणे दुपारी घरात सापडतच नाही.

तू पाठवलेला जिन्यावरचा फोटो फ्रिजला लावलाय. नऊ पोरं आहेत, मी मोजली. एक तुझी, बाकीची आठ कुणाची गं? सगळी तुझ्याच दारात काय करतात? एकीने भिंगरीच्या खांद्यावर हनुवटी टेकवलीये. मी तो फोटो बघते आणि मग कामाला जाते.

पुढच्या वर्षी बघू. रागावू नकोस.

तुझी
धाकटी

*

२० फेब्रुवारी

धाकटे,

रागावू नको म्हणायचं आणि रागावण्यासारखंच लिहायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

नियम! रक्ताच्या माणसाला नियम! तुझ्या लग्नाच्या आधी आपण दोघी एका पलंगावर झोपत होतो, तेव्हा तुझे पाय माझ्या पोटात असायचे, तेव्हा कुठला नियम होता? सरळ लिही ना, की माझ्या पोरीच्या ताटात वाटेकरी नको. मला समजेल. वाईट वाटेल, पण समजेल.

आज आठवण करून देते, राहवत नाही म्हणून. हे बोटीवरचं स्थळ आधी मला सांगून आलं होतं. खुर्चीवर बसून तुझ्या नवऱ्याने मला विचारलं होतं, "परदेशात राहायला आवडेल का?" आणि मी नाकाने कांदे सोलत म्हणाले होते, "माझी मुलं माझ्या देशात वाढतील. चार माणसांत वाढतील. काचेच्या बरणीत नाही." बाबा आतल्या खोलीत कपाळ धरून बसले. आणि तू सरबत घेऊन बाहेर आलीस. झालं. बरणी तुझ्या वाट्याला आली.

ते वाक्य मी बोलले तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आता भिंगरी त्या शाळेचा फोटो वहीत लपवून ठेवते, मला कळू नये म्हणून. माझं पोट दुखतं, धाकटे. तुझ्या मुलीच्या किल्लीच्या कपाटावरून माझं पोट दुखतं. चाळिशी जवळ आली, आणि मी दहा वर्षांच्या पोरीवर जळते. आता हे तुला कळलं, तर ऊर भरून आला असेल तुझा.

पुढच्या वर्षीचा फ्रॉक तिकडेच विकत घे. तिकडे सगळं चांगलं मिळतं.

ताई

*

२८ मार्च

ताई,

तुझं पत्र महिनाभर उशीखाली होतं. उत्तराची चार पत्रं फाडली.

ह्यांनी लग्नानंतर तुझ्या नकाराचा विषय कधी काढला नाही. तू मात्र बारा वर्षांनी काढलास. नाकारलं तू, आणि त्याचं भाडं मी भरायचं का?

बाहुलीची मोठी सुटी लागतेय. तिला आठ आठवडे तुझ्याकडे पाठवते. आमच्या इथल्या एक परिचारिका तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर येईल. तुला परदेशात वाढलेली मुलगी जवळून बघायची आहे ना, बघ.

सामानाला वजनाची मर्यादा आहे, म्हणून तू शिवलेले फ्रॉक देत नाही. साधे कपडे दिलेत. तिला सकाळी हाका मारून उठवू नकोस, ती आपली आपण उठते. मैत्रिणी किती आहेत असं विचारू नकोस. बाकी काही विचार.

धाकटी

*

६ मे

धाकटे,

तुझी लेक सुखरूप आहे, हे फोनवर कळलंच आहे. फोनवर जे बोलता आलं नाही ते आता ऐक.

आली त्या दिवशी चार वाजता दाराशी चपला घालून उभी राहिली. मी म्हटलं, काय गं? तर म्हणाली, "मावशी, खाली खेळायला जायला मला कोण न्यायला येणार?" मी म्हटलं, अगं, जिना आहे, उतर. ती तरी उभीच. शेवटी भिंगरीने मनगट धरून ओढत नेली. दार उघडलं की लावते. पाणी प्यायचं तर आधी विचारते. पहिले चार दिवस माझ्या घरात एखादी सरकारी पाहुणी उतरल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, हिला एक पातळ सुती फ्रॉक शिवू. टेप घेतला, छातीला लावला. पंचवीस.

टेप घसरला असेल म्हणून पुन्हा लावला. पंचवीस. दुसरा टेप आणला. खांदा घेतला, उंची घेतली. अगं, भिंगरीपेक्षा सगळीकडे दोन-दोन इंचांनी कमी! हात तर काडीसारखे. मी जमिनीवर बसले आणि तिला विचारलं, "बाळा, मावशीने पाठवलेले फ्रॉक तुला कसे होतात?" ती म्हणाली, "मोठे होतात. आई म्हणते, पुढच्या वर्षी येतील. मग पुढच्या वर्षी नवा येतो."

पाच फ्रॉक कपाटात ओळीने टांगलेत म्हणे. एकही धड वापरलेला नाही. पाच वर्षं मी कुणासाठी शिवत होते, धाकटे? शिंपिणीला खोटं माप कळवणारी तू जगात पहिलीच असशील. वैद्याला लोक खोटं सांगतात, नवऱ्याला सांगतात, पण शिंपिणीला? कापड बोलतंच की एक दिवस!

मला आधी संताप आला. मग, खरं लिहिते, बरं वाटलं. तुझी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान भरली म्हणून मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. अशी मी आहे.

पण त्यानंतरचंही ऐक. दुसऱ्या आठवड्यापासून पोरगी मला सापडेनाशी झाली. खालच्या कुलूपवाल्याच्या घरी जेवते, वरच्या मास्तरीणबाईंच्या घरी झोपते. गुडघा फुटला तर रडायच्या आधी सगळ्यांना दाखवून आली. तिच्या बोलण्याला जिन्यावरची पोरं आधी हसली, आता तिच्यासारखंच बोलतात. परवा भिंगरीशी कडाक्याचं भांडली, आणि भांडण मिटल्यावर मला विचारते, "मावशी, भांडल्यावर उद्या पुन्हा बोलायचं असतं?" मी म्हटलं, उद्या कशाला, जेवताना बोल.

भिंगरी मात्र धुसफुसते. सगळी आळी बाहुलीचं कौतुक करते, हिला कोण विचारतं! रोज एकदा तिच्याकडून त्या किल्लीच्या कपाटाची गोष्ट ऐकते, आणि ऐकून झाली की रुसते.

तर मुद्दा असा. बाहुली काल म्हणाली, "मावशी, मी इथेच राहू?" मी तिच्या तोंडात शब्द घातले नाहीत, ह्यांची शपथ. आमच्या शाळेत बावन्नाच्या त्रेपन्न होतील, कुणाला कळणारही नाही. फक्त आईच्या सहीचा कागद लागतो. एक वर्ष ठेव तिला माझ्याकडे. मी त्या खुर्चीवाल्याला जे सांगितलं होतं ते खरंच होतं. पोर वाढायला हाच देश बरा. नळाला पाणी नसलं तरी हाच.

ताई

*

१७ मे

ताई,

वाचलं. पुन्हा वाचलं. जेवणाच्या सुटीत, चादरींच्या ढिगावर बसून.

खोटं मापच मी पाठवत होते. पहिल्या वर्षी तू लिहिलंस, "भिंगरीची छाती तेवीस भरली, आता बाहुलीचं कळव." मी टेप लावला, तर एकवीस. आई-बाबा सोडून, तुला सोडून, भाषा सोडून इथवर आले ती कशासाठी? सगळ्यांना सांगितलं होतं, मुलांसाठी. आणि मूल तुझ्या मुलीपेक्षा लहान! मग तुझ्या आकड्यात एक मिळवला आणि लिहून टाकला. पुढच्या वर्षी पुन्हा. एकदा वर चढल्यावर खाली कशी उतरू? फ्रॉक आला की मी तो तिला घालायचे, पाठीमागे चिमट्यांनी आवळायचे आणि समोरून फोटो काढायचे. तुझी शिवण इतकी सुरेख, ताई, मला चिमटे लावताना रडू यायचं.

शाळा चांगली आहे, तलाव आहे, कपाट आहे. यात काही खोटं नाही. बाई प्रेमळ आहेत, कुणी ओरडत नाही. पण डब्याच्या सुटीत तिच्या शेजारी कुणी बसत नाही. मारत नाहीत, चिडवत नाहीत, नुसतं बसत नाहीत. त्याची तक्रार कुणाकडे करायची? वाढदिवसाला सातजणींना बोलावलं होतं. एक आली, तिलाही तिच्या आईने तासाभरात नेलं.

घराच्या नियमाचंही खोटंच होतं. चार माणसं चालतात. मी विचारून ठेवलं होतं. पण भिंगरी इथे आली असती, तर पहिल्याच आठवड्यात तिने तुला सगळं कळवलं असतं. तू माझ्यावर जळतेस, एवढंच मला इथे एक सुख होतं. ते मला घालवायचं नव्हतं. आणि मी? त्या फोटोतल्या हनुवटीवर जळायचे. माझ्या मुलीच्या खांद्यावर कुणी कधी हनुवटी टेकवली नाही.

आता ती मला फोनवर म्हणते, "आई, पटकन बोल, खाली थांबलेत." माझ्या मुलीला माझ्याशी बोलायला वेळ नाही! हे मला हवं होतं, आणि झालं तेव्हा फोन ठेवून मी भिंतीला लाथ मारली. तू मला महिनाभरात हरवलंस, ताई.

तर घे. सहीचा कागद सोबत आहे. ठेव तिला.

पण एक सांग. वाढायला हाच देश बरा म्हणतेस, मग जानेवारीत भिंगरीला इकडे का ढकलत होतीस? खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे? मीही शाळेत गेले, आणि भिंगरीचं नाव घालून आले. जागा आहे. एकोणीस जूनला शाळा सुरू होते. तू मागितलं होतंस ते मी दिलं. आता पाठव तिला. बघू तुझा देश तुला किती प्रिय आहे, आणि तुझी मुलगी किती.

धाकटी

*

१२ जून

धाकटे,

फोनवर फक्त तारीख आणि वेळ सांगितली. बाकीचं या पत्रात आहे, आणि हे पत्र भिंगरीच्या पिशवीत आहे. म्हणजे तू वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर उभी असेल. आधी तिला पाणी दे. मागणार नाही, सरळ घेईल, तेव्हा रागावू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मशीनवर बसले आणि एका गणवेशाची बाही उलटी जोडली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तीन दिवस मी ह्यांच्यावर, पोरींवर, कात्रीवर डाफरत होते. चौथ्या दिवशी ह्यांनी पत्र वाचलं. वाचून म्हणाले, "तुम्ही दोघी आपापल्या देशाचा झेंडा पोरींच्या हातात देऊन भांडताय. पोरींना विचारलंत का?" बसखाली आडवं पडून माणसाला बरंच दिसतं म्हणायचं.

मग विचारलं.

भिंगरीला म्हटलं, मावशीकडे जायचं आहे का? धाकटे, तिने पुढचं वाक्यही बोलू दिलं नाही. पलंगाखालून पिशवी ओढली. मला वाटलं, रडेल, बिलगेल, तुला सोडून कशी जाऊ म्हणेल. काही नाही. मी विचारलं, इतकं काय आहे गं तिकडे? म्हणाली, "तिकडे पोहायला शिकवतात. इथे मला नदीकडे जाऊ नको, एवढंच शिकवतात." तू दहा वर्षांत या पोरीला धड बघितलेलं नाहीस, आणि ती हसत तुझ्याकडे निघाली. तुझा मला तेव्हा इतका हेवा वाटला, की मी गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे पुन्हा पिळत बसले.

मग बाहुलीला सांगितलं. आईने सही पाठवली आहे, तू राहा. मला वाटलं, उडी मारेल. पण ती म्हणाली, "मावशी, मग साडेतीनला दोनदा फोन कोण वाजवणार?"

हे मला माहीत नव्हतं, धाकटे. तिने सांगितलं. शाळेतून ती एकटी घरी येते, आतून कडी लावते, आणि तुझ्या मुकादमीणबाईच्या टेबलावरचा फोन दोनदा वाजवून ठेवून देते. कामावर बोलायला परवानगी नाही म्हणून. दोनदा वाजला की तुला कळतं, पोचली. "तोपर्यंत आई चादरीच्या घड्या चुकीच्या घालते," म्हणाली. "तिच्याबरोबरच्या मावशी मला म्हणाल्या होत्या." मी म्हटलं, अगं, तू इथे माझ्याजवळ असलीस की तिला काळजी कसली? तर मला समजावते, "इथे सगळ्यांना खूप माणसं आहेत. आईला तिथे मीच आहे."

मी शिंपीण आहे. कुणाचं काय कुठे कमी पडतंय ते मला अंगावरून कळतं, असं मी समजत होते. ही पोर आठ आठवडे माझ्या घरात हुंदडली, आणि रोज साडेतीनला घड्याळाकडे बघत होती म्हणे. मला एकदाही दिसलं नाही.

तुझा सहीचा कागद परत पाठवत आहे. वापरलेला नाही. त्याच परिचारिकांबरोबर बाहुली तुझ्याकडे येत आहे, आणि तिच्याबरोबर भिंगरी. दोघी एका बाकावर बसतील, निदान डब्याच्या सुटीत तिच्या शेजारी कुणीतरी असेल. भिंगरी भांडेल, त्याची फिकीर करू नकोस. चार दिवसांत तुझ्या इमारतीतली सगळी दारं ठोठावून येईल. घरमालकाचं पत्र आलं तर माझं नाव सांग. बाहुलीला पुढच्या सुटीत पाठव, जिन्यावरची मंडळी आत्ताच तारीख विचारत आहेत.

कुठला देश बरा, ते मला आता विचारू नकोस. बाहुलीच्या अंगावर पंचवीसचा फ्रॉक आहे, पिवळा. नीट बसतो. आत दोन इंच कापड दाबून ठेवलंय, वाढली की उसवून सोड.

घर आत्ताच शांत वाटतंय, आणि त्या अजून खाली जिन्यावर निरोप घेत आहेत. हे मागे वळून डोळे पुसतात आणि डोळ्यात कचरा गेला म्हणतात. मला कचऱ्याचं कारणही सुचत नाही. माझी मुलगी तुला देताना मला आनंद होत नाही, धाकटे. आनंद होतोय असं लिहिलं तर ते तुझ्या अठ्ठावीससारखं होईल. मी जळते आहे. सकाळी तिचे केस तू विंचरशील, पहिल्यांदा पोहून आली की ओल्या अंगाने तुला सांगायला धावेल. हे सगळं मला लिही, एकही गोष्ट गाळू नकोस, वाचून कितीही पोट दुखलं तरी मी वाचेन.

फक्त एक लिहू नकोस. कधीतरी तापात, झोपेत, नाहीतर नुसत्या घाईत ती तुला आई म्हणून हाक मारेल. दहा वर्षांची आहे, ती हाक तोंडात बसलेली असते. मारेलच. तू ओ दे. पण मला कळवू नकोस.

ताई